चॅटबॉटमध्ये लॉगिन होत नसेल तर घाईत होणाऱ्या या चुका टाळा

चॅटजीपीटी, क्लॉड किंवा जेमिनी उघडेनासे झाले की बहुतेक जण एका दमात पासवर्ड बदलतात, ॲप काढून पुन्हा टाकतात, ब्राउझरमधील सगळा डेटा पुसतात आणि एवढे करूनही जमले नाही तर नवे खाते उघडून मोकळे होतात. यातला एखादा उपाय लागूही पडतो. परंतु सगळे एकदम केल्यावर मूळ दोष कोणता होता हे कळायला मार्ग उरत नाही, आणि पुष्कळदा दोषापेक्षा उपायांनीच डोकेदुखी वाढते. म्हणून अडचण सेवेकडे आहे, आपल्या नेटवर्कमध्ये आहे, ब्राउझरमध्ये आहे की खात्यात आहे, हे आधी ठरवावे.

सेवाच बंद असताना स्वतःच्या फोनशी झटापट करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, भारतात संध्याकाळचे पाच वाजत आले असताना, असंख्य संकेतस्थळांची रहदारी हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि चॅटजीपीटी, क्लॉड, एक्स अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेवा एकाच वेळी अडखळल्या. बॉट, म्हणजे माणसाऐवजी संकेतस्थळांना आपोआप भेट देणारे प्रोग्राम, ओळखण्यासाठी लागणारी एक अंतर्गत फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाल्यामुळे हे घडले होते. चॅटजीपीटीच्या पडद्यावर मात्र ‘क्लाउडफ्लेअरचा पत्ता अनब्लॉक करा’ अशा अर्थाचा संदेश दिसत होता, त्यामुळे आपल्याच ब्राउझरने काहीतरी अडवले आहे असा कोणाचाही समज व्हावा. अशा वेळी त्या सेवेचे ‘स्टेटस’ पान, म्हणजे सेवा सुरळीत चालू आहे की नाही हे सांगणारे पान, पाहावे. चॅटजीपीटीची ओपनएआय आणि क्लॉडची अँथ्रॉपिक या दोन्ही कंपन्या असे पान चालवतात. तेथे बिघाडाची नोंद दिसली तर थांबणे हाच उपाय होय. बिघाड नुकताच सुरू झाला असेल तर नोंद उशिरा होते, हेही ध्यानात ठेवावे.

पडद्यावरचा संदेश न वाचता खिडकी बंद करणे हीदेखील चूकच आहे, कारण त्यातील आकडा पुष्कळ काही सांगून जातो. ५०२ किंवा ५०३ दिसल्यास अडचण बहुधा सर्व्हरकडे असते. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार विनंत्या गेल्या आहेत, त्यामुळे पुन्हा पुन्हा रिफ्रेश केल्याने प्रतीक्षा वाढण्याचीच शक्यता अधिक. ४०३ म्हणजे प्रवेश नाकारला गेला आहे, आणि त्याचे कारण अनेकदा व्हीपीएन (आपली रहदारी दुसऱ्या, बहुधा परदेशातील सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) असते: एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील क्रमांकरूपी पत्त्यावरून) असंख्य लोक येत असल्याने सेवेला ती रहदारी संशयास्पद वाटते, शिवाय व्हीपीएनने निवडलेल्या देशात ती सेवा उपलब्धच नसू शकते. ‘आपण मानव आहात याची खात्री करा’ हा चौकोन टिक करूनही पुन्हा पुन्हा समोर येत असेल तर प्रथम व्हीपीएन आणि जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) बंद करून पाहावे.

आता खात्याकडे वळू, कारण खरा गोंधळ येथेच होतो. ज्याने पहिल्यांदा ‘गूगलने सुरू ठेवा’ हे बटण दाबून खाते उघडले, त्याने त्या सेवेसाठी पासवर्ड कधी ठरवलेलाच नसतो. काही महिन्यांनी तोच ईमेल लिहून तो पासवर्ड आठवू लागतो आणि ‘चुकीचा पासवर्ड’ हे वाचून हैराण होतो. ॲपलच्या खात्याने नोंदणी करताना ‘माझा ईमेल लपवा’ हा पर्याय निवडला असेल तर प्रकरण आणखी अवघड बनते: सेवेकडे ॲपलने तयार केलेला वेगळाच पत्ता नोंदलेला असतो, म्हणून आपला नेहमीचा ईमेल टाकल्यावर लॉगिन सुरळीत होते, पण समोर येते ते कोरे, नवे खाते. जुने संवाद दिसत नाहीत, पैसे भरलेले सदस्यत्व दिसत नाही. तेथे काहीही पुसले गेलेले नसते. आपण दुसऱ्याच दारातून आत आलेलो असतो. अशा वेळी लॉगआउट करून नोंदणीच्या वेळची पद्धत पुन्हा वापरावी आणि ती खात्री होईपर्यंत नवे सदस्यत्व विकत घेऊ नये.

क्लॉडमध्ये ईमेलवर लिंक पाठवून लॉगिन करता येते. येथे घाईत चार वेळा लिंक मागवणे आणि त्यांतील जुनी उघडणे हे नेहमीचे आहे. सर्वांत अलीकडचाच ईमेल वापरावा आणि तो स्पॅममध्ये गेला नाही ना हे पाहावे. फोनवरील ईमेल ॲप कधीकधी ती लिंक स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे लॉगिन तेथे होते आणि आपण ज्या ब्राउझरमध्ये वाट पाहत असतो तो तसाच राहतो.

पासवर्डनंतरचा दुसरा कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचा सहा अंकी कोड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर फोनचे घड्याळ तपासावे. हे कोड साधारणतः दर ३० सेकंदांनी वेळेवरून तयार होतात, म्हणून घड्याळ काही मिनिटे पुढेमागे असले तरी कोड निरुपयोगी ठरतो. सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ ‘आपोआप’ ठेवावी.

ब्राउझरवर शंका असल्यास सगळी कुकी (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनसारखी माहिती) पुसण्याऐवजी आधी इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, खिडकीत लॉगिन करून पाहावे. तेथे जमले तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा त्या साइटच्या जुन्या कुकीचा आहे, आणि पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावरून तेवढ्याच साइटचा डेटा काढता येतो. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळीकडून बाहेर पडण्याची गरज नसते. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर पान उघडते पण उत्तर अर्ध्यावर थांबते, असे होत असेल तर मोबाइल हॉटस्पॉटवर तोच प्रश्न विचारावा. उत्तर हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी येत असते आणि ऑफिस-कॉलेजच्या नेटवर्कमधील काही प्रॉक्सी (इंटरनेटची रहदारी मधे तपासणारे सर्व्हर) ते तुकडे अडवून धरतात. तेथे नेटवर्कची फायरवॉल (रहदारी गाळणारी सुरक्षा यंत्रणा) सांभाळणाऱ्या विभागालाच सांगावे लागेल. रिफ्रेश करण्यापूर्वी लिहिलेला लांब मजकूर कॉपी करून ठेवावा.

एक चूक मात्र महागात पडणारी आहे. गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून सापडलेल्या क्रमांकावर फोन करू नये, ओटीपी सांगू नये आणि स्क्रीन शेअर करणारे ॲप टाकू नये. मदत हवी असेल तर ती त्या चॅटबॉटच्या अधिकृत ॲपमधून किंवा संकेतस्थळावरील मदत विभागातूनच मागावी. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे.