घरी बांधायच्या कसरतीच्या विमानाला इंजिन कुठलं निवडायचं

बेळगावात विमानाचं वेड असलेली पोरं आता कमी नाहीत. हत्तरगीच्या एक्वस सेझमध्ये एअरबसचे पार्ट बनतायत, उद्यमबागेत पाहिजे ते कास्टिंग आणि मशीनिंग होतंय, त्यामुळं "विमान आपणच बांधूया की" असं कुणी म्हटलं तर इथं कुणी हसत नाही. आणि अमोल यादवांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधून २०१६ च्या मेक इन इंडियात ठेवलं, २०१७ ला डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान खात्याकडून, त्याचं रजिस्ट्रेशन मिळवलं, हे सगळ्यांनी बघितलंय. पण चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न असतोय "किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं?" कसरतीच्या, म्हणजे हवेत कोलांट्या मारणाऱ्या (एरोबॅटिक) विमानात हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. पहिला प्रश्न हा की विमान उलटं झाल्यावर इंजिनाला पेट्रोल आणि ऑइल कुठनं मिळणार, आणि दुसरा हा की क्रँकशाफ्टवर, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, जो मार बसणार तो त्याला सोसणार काय.

म्हणून आधी कागद घ्या आणि कुठल्या कसरती करायच्या ते लिहून काढा. लूप, बॅरल रोल, साधा स्पिन एवढंच असेल आणि हात चांगला बसला असेल तर विमान बहुतेक वेळ पॉझिटिव्ह जी मध्येच (माणूस सीटवर दाबला जातो तसा जोर) राहतंय, म्हणजे पेट्रोल टाकीच्या तळाला आणि ऑइल सम्पमध्येच (इंजिनाखालच्या भांड्यात) बसून असतंय. अशा उडण्याला लायकमिंग कंपनीचं साधं कार्बोरेटरवालं ओ-३२० किंवा ओ-३६० चालतं, घरी बांधायच्या आरव्ही-४, आरव्ही-७, आरव्ही-८ वर कितीतरी लोक हेच वापरतात. पण स्लो रोल, उलटं सरळ उडणं, बाहेरचा लूप, स्नॅप रोल (झटक्यात घेतलेली गिरकी) यातलं काहीही यादीत आलं की सगळा हिशोब बदलतो, मग साधं कार्बोरेटर विसरा. फ्लोटवालं (आत पेट्रोलवर तरंगणारा गोळा असलेलं) कार्बोरेटर उलटं झालं की फ्लोट आपलं काम करत नाही, इंजिन खोकतं आणि बंद पडतं. तिथं बेंडिक्स आरएसए सारखं फ्युएल इंजेक्शन पाहिजे, नाहीतर एलिसनसारखी थ्रॉटल बॉडी.

नुसतं इंजेक्शन बसवून पण भागत नाही हं. टाकी उलटी झाली की पेट्रोल वरच्या बाजूला जातंय आणि पाइपचं तोंड हवेत राहतंय. म्हणून टाकीत फ्लॉप ट्यूब घालतात, म्हणजे एक लवचिक नळी, तिच्या टोकाला वजन, विमान जिकडं कलंडेल तिकडं पेट्रोलबरोबर ती पण पडते. ही नळी वर्षांनी कडक होते आणि मग अर्धवट वळून मध्येच अडकते, त्यामुळं टाकी उघडून ती बदलता येईल अशी जागा बांधतानाच ठेवा. नंतर टाकी कापायला लागली तर जीव जातोय.

ऑइलचं प्रकरण याच्यापेक्षा गंभीर आहे, कारण पेट्रोल संपलं तर इंजिन थांबतं, ऑइल संपलं तर इंजिन जातं. यावरचा सगळ्यात नावाजलेला उपाय म्हणजे ख्रिस्टन सिस्टीम. त्यात बॉलवाला व्हॉल्व्ह असतोय. विमान सरळ असताना पंप सम्पच्या तळातून ऑइल ओढतो, उलटं झालं की बॉल दुसऱ्या बाजूला पडतात, मग ऑइल क्रँककेसच्या (क्रँकभोवतीच्या पेटीच्या) वरच्या बाजूनं ओढलं जातं आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) सम्पकडं फिरतो, शिवाय ब्रीदरमधून ऑइल बाहेर पडू नये म्हणून एक सेपरेटर टाकी. सरळ आणि उलटं या दोन्हीत ही सिस्टीम मस्त चालते, पण विमान एकदम उभं चढताना किंवा कडेवर असताना प्रेशर क्षणभर खाली येऊ शकतं, ते गेजवर दिसलं की कसरत सोडायची, पुढं ओढायचं नाही. इंजिन घेताना बघायचं हे की सम्प आणि क्रँककेसला ही जोडणी बसते काय. लायकमिंगच्या नावात एईआयओ असेल, म्हणजे एई म्हणजे एरोबॅटिक, आय म्हणजे इंजेक्शन, ओ म्हणजे समोरासमोर सिलिंडर, तर हे काम कारखान्यातनंच झालेलं असतंय. नुसतं आयओ-३६० असेल तर ते आपण करायचं, होतं, पण पैसे आणि वेळ आधीच मोजून ठेवा.

आता क्रँकशाफ्ट. माझ्या मते सगळ्या निवडीचं मूळ इथं आहे. प्रॉपेलर फिरत असताना विमानाचं नाक झटकन फिरवलं, की जायरोस्कोपचा, म्हणजे फिरत्या भोवऱ्यासारखा, जोर थेट क्रँकच्या पुढच्या फ्लँजवर येतो, स्नॅप रोलमध्ये आणि लोमचोवाकसारख्या गडगडणाऱ्या कसरतीत हा जोर सगळ्यात जास्त. आणि हा जोर प्रॉपेलरच्या जडपणावर अवलंबून असतोय. म्हणून इंजिन आणि प्रॉपेलर वेगवेगळे निवडायचे नाहीत, जोडीनं निवडायचे. जड धातूचा प्रॉपेलर स्नॅप रोल करणाऱ्या विमानाला मी कधीच सुचवणार नाही. फिक्स पिच (पात्यांचा कोन कायम) लाकडी प्रॉपेलर हलका, स्वस्त, पण खाली सूर मारताना आरपीएम वर जातं आणि बहुतेक लायकमिंगची मर्यादा २,७०० आरपीएमची असते, त्यामुळं डाव्या हाताला थ्रॉटलवर सतत काम. एमटीसारखा लाकूड-कंपोझिटचा कॉन्स्टंट स्पीड (पात्यांचा कोन आपोआप बदलणारा) प्रॉपेलर हलका पण असतो आणि आरपीएम पण सांभाळतो, महाग मात्र चांगलाच. त्यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साध्या सिंगल इंजिन विमानाच्या कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलरमध्ये ऑइल प्रेशर गेलं की पाती बारीक पिचला जातात आणि इंजिन सैराट धावतं. कसरतीच्या प्रॉपेलरला काउंटरवेट असतात, प्रेशर गेलं तर पाती जाड पिचला जातात आणि आरपीएम खाली येतं. उलटं उडताना प्रेशर हलणारच, म्हणून काउंटरवेटवालाच पाहिजे. आणि कॉन्स्टंट स्पीडला ऑइल क्रँकमधून पुढं जावं लागतं, म्हणजे पोकळ क्रँक पाहिजे, गव्हर्नर (हे ऑइल कमी-जास्त सोडणारा भाग) बसवायला जागा पाहिजे. भरीव क्रँकचं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं तर हा रस्ता बंद झाला.

एवढं सगळं झाल्यावर हॉर्सपॉवर. इथं आपल्या गावाची उंची मध्ये येते. सांबऱ्याच्या बेळगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान १० अंश धरतात, आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडं ३६ असतंय, म्हणजे २६ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर इंजिनाला वाटतंय की आपण ५,६०० फुटांवर उभे आहोत. टर्बो नसलेलं इंजिन एवढ्या पातळ हवेत साधारण १७ टक्के ताकद हरवतं. म्हणजे कागदावरचे १८० हॉर्सपॉवर जागेवर १५० आणि १६० चे १३३. अमेरिकेत कुणीतरी समुद्राकाठी १६० मध्ये मजेत उडवतोय ते वाचून इथं तेच घेऊ नका, डिझाइनरनं १५० ते १८० अशी रेंज दिली असेल तर आपल्याकडं वरचंच टोक घ्या.

पण रेंजच्या बाहेर जायचं नाही. ओ-३२० साधारण ११५ किलो, सहा सिलिंडरचं आयओ-५४० त्याच्यापेक्षा ६०-७० किलो जड, ते चार सिलिंडरच्या डिझाइनच्या नाकावर टांगलं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी पुढं गेलं, मग शेपटीत शिसं भरा, मग वजन वाढलं, मग जी ची मर्यादा खाली आली. ताकद घेतली आणि कसरत गमावली. १८० चं पॅरलल व्हॉल्व्ह आयओ-३६० आणि २०० चं अँगल व्हॉल्व्ह यात पण साधारण १५ किलोचा फरक आहे, एकट्याच्या छोट्या विमानाला मी १८० वालंच घेईन. पिट्स एस-१एस पण १८० वरच नाव कमावून बसलंय. दोन सीटचं असेल, पिट्स एस-२बी सारखं, तर तिथं २६० चं एईआयओ-५४० शोभतं कारण ते विमान त्याच्यासाठीच काढलेलं आहे.

रशियन एम-१४पी बद्दल पण विचारतात. ९ सिलिंडरचं रेडियल, ३६० हॉर्सपॉवर, सुखोई-२६ वर तेच आहे, आवाज ऐकला की माणूस प्रेमातच पडतोय. पण कोरडं वजन २१४ किलो, दाबाच्या हवेनं स्टार्ट होतं, पंखा उलट्या दिशेनं फिरतो त्यामुळं टेकऑफला रडर पण दुसऱ्या पायानं, आणि उभं राहिलं की खालच्या सिलिंडरात ऑइल उतरतं, ते न काढता स्टार्टर दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याच्यासाठीच काढलेलं डिझाइन असेल तरच.

रोटॅक्स ९१२ चांगलं इंजिन, मायक्रोलाइटवर आपल्या देशात भरपूर आहे, पण कंपनीनंच ते कसरतीसाठी नाही असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय, तिथं विषय संपला. आणि गाडीचं इंजिन? हा मोह आपल्याकडं जास्त, कारण उद्यमबागेत हात घातला की अडॅप्टर प्लेटपासून रिडक्शन गिअरबॉक्सपर्यंत सगळं कुणीतरी करून देतंय. पण गाडीच्या क्रँकला प्रॉपेलरचा ओढा आणि जायरोचा पिळा सोसायची सवय नाही, रिडक्शन ड्राइव्हमध्ये टॉर्शनची थरथर कुठल्या आरपीएमला येईल ते मोजायला साधनं लागतात, वर रेडिएटरचं वजन. सरळ उडणाऱ्या विमानावर कुणी मेहनतीनं हे जमवलं तर त्याला माझा मुजरा, कसरतीच्या विमानावर नको. आपल्या कारखान्यांचं कौशल्य बॅफल, ब्रॅकेट, एक्झॉस्ट, कास्टिंग, टूलिंग यात घाला, तिथं आपण कुणाला हार जाणार नाही.

जुनं इंजिन घेताना आधी लॉगबुक, लॉगबुक नाही तर किंमत फक्त पार्टची. प्रॉप स्ट्राइक (चालू प्रॉपेलर कशाला तरी आपटणं) झालाय काय ते विचारा, झाला असेल तर क्रँकच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि डॉवेल तपासून बदललेली नोंद पाहिजे, लायकमिंगसाठी तशी एडीच (सुरक्षेचा सक्तीचा आदेश) आहे, २००४-१०-१४. फ्लँजला डायल गेज लावून रनआउट (फिरताना किती वाकडं धावतं ते) बघा, लायकमिंगच्या टेबलमधल्या मर्यादेशी ताडा, हे काम आपल्याकडचा कुठलाही मशीनिस्ट डोळे झाकून करतोय. शंका आली तर क्रँक काढून मॅग्नाफ्लक्स (चुंबकानं चिरा शोधायची तपासणी). ८० पीएसआयवर डिफरन्शियल कॉम्प्रेशन, सिलिंडरात बोअरस्कोप, ऑइल फिल्टर कापून त्यात चकाकणारा कण आहे काय. माउंट (इंजिन फ्रेमला बसवायची जोडणी) डायनाफोकल, म्हणजे तिरक्या बोल्टांचं, की कोनिकल, म्हणजे सरळ बोल्टांचं, आणि डायनाफोकल असेल तर ३० अंशाचं की १८ चं, तुमच्या फ्रेमच्या ड्रॉइंगशी जुळवूनच पैसे द्या. इंजिनाच्या नावातली शेवटची अक्षरं आणि आकडे यासाठीच वाचायची.

इंधनाचं पण आधीच ठरवा. ८.५ च्या कॉम्प्रेशनची ही इंजिनं विमानाच्या खास पेट्रोलवर, म्हणजे १०० एलएल अ‍ॅव्हगॅसवर चालवायची, इंडियन ऑइल ते २०२२ पासून गुजरात रिफायनरीत देशातच बनवतंय, बेळगावपर्यंत पिंप कसं आणायचं ती सोय लावा. पंपावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं. आपल्याच चिकोडी, संकेश्वर, निपाणी भागातल्या उसातलं इथेनॉल त्यात जातंय, शेतकऱ्याचं भलं होतंय, चांगलीच गोष्ट आहे, पण फ्लॉप ट्यूब, टाकीचं सीलंट आणि गॅस्केटला ते सोसत नाही, आणि गरमीत व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ अडकणं) होतो.

राहिला आपला पाऊस. खानापूर, जांबोटी, चंदगडकडं जून ते सप्टेंबर कसा असतोय ते सांगायला नको. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतोय, इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून जातं आणि दमट हवेत कॅम गंजतो, मग टॅपेट कॅम खायला लागतात आणि बारीक लोखंड सगळ्या ऑइलमध्ये फिरतं. कॉन्टिनेंटल ओ-२०० चा कॅम खाली असतो, पण १०० हॉर्सपॉवर आपल्याला पुरत नाहीत. म्हणून इंजिन विकत घेताना विकणाऱ्याला हे विचाराच की ते कुठं आणि किती महिने बंद होतं, समुद्राकाठी वर्षभर पडलेलं कमी तासांचं इंजिन मी घेणार नाही, दर आठवड्याला उडालेलं जास्त तासांचं घेईन. आणि आपलं झाल्यावर पावसाळ्याआधी प्रिझर्वेटिव्ह ऑइल भरायचं, स्पार्क प्लग काढून तिथं सिलिका जेलवाले डेसिकंट प्लग लावायचे, ब्रीदर आणि एक्झॉस्ट बंद करायचे. अधनंमधनं जमिनीवरच पाच मिनिटं चालवून बंद करणं सगळ्यात वाईट, त्यानं आत पाणी तयार होतं आणि ते उडून जायला ऑइल ७५ ते ९० अंशापर्यंत तापून निदान अर्धा तास उड्डाण व्हायला लागतंय. प्लगमधले निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे, आपल्या जुलैत ते लवकरच होतात, म्हणून दोन जोड आधीच आणून ठेवा.