ब्लॉग कुणी वाचत नाही? आधी या चुका तपासा

वैयक्तिक ब्लॉग बंद पडतात ते सुचेनासं होतं म्हणून कमी, आणि 'कुणी वाचतच नाही' असं वाटायला लागतं म्हणून जास्त. हे वाटणं बहुतेकदा भलत्याच वाचकाची वाट पाहण्यातून येतं. लेख टाकल्यावर पहिल्या दोन दिवसांत येतात ते ओळखीचे: मावसबहीण, जुने सहकारी, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची मंडळी. दुसरे मोजके नियमित वाचक, नवा लेख आला की हजर. तिसरा वाचक वर्ष-दोन वर्षांनी उगवतो. त्याला पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट हवी असते, अळूच्या फतफत्यात आंबट चुका किती घालायचा ते हवं असतं, नाहीतर मुतखड्याच्या ऑपरेशननंतर किती दिवसांनी कामावर जाता येतं ते. लेखकाचं नाव त्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याच्याशी देणंघेणंही नसतं. चौथा वाचक खुद्द लेखक, तपशील विसरून गेलेला.

बहुतेक जण लिहितात पहिल्यासाठी आणि रुसतात तिसऱ्यावर. खालच्या जवळपास सगळ्या चुका त्यातूनच होतात. उदाहरणं ब्लॉगर (गूगलची ब्लॉग लिहायची सेवा) आणि वर्डप्रेस यांची घेतली आहेत.

शीर्षकात विषयच नसणं

'एक अविस्मरणीय सफर', 'मनातलं थोडंसं', 'आठवणींचा हिंदोळा'. मासिकात अशी शीर्षकं चालतात, कारण अंक आधीच वाचकाच्या हातात असतो. गूगलच्या निकालांत दिसते फक्त शीर्षकाची ओळ आणि खाली दोन ओळी. 'हरिश्चंद्रगड: पाचनईच्या वाटेने, पावसाळ्यात, एका दिवसात' हे शीर्षक रुक्ष आहे, पण ज्याला ते हवंय तो त्यावरच बोट ठेवणार. हिंदोळा ठेवायचाच असेल तर तो लेखाच्या पहिल्या वाक्यात ठेवा. शीर्षकात गावाचं, पदार्थाचं, आजाराचं, माणसाच्या पेशाचं नाव हवं.

त्यानंतरच्या पहिल्या दोन वाक्यांतही विषय यायला हवा. 'नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहिणं झालं नाही, क्षमस्व' अशी सुरुवात असेल तर शोधाच्या निकालात लेखाचा परिचय म्हणून तीच क्षमायाचना दिसू शकते. माफीच्या या ओळी जुन्या लेखांतून सरळ काढून टाका. तुम्ही तीन महिने लिहिलं नाही हे तुमच्याशिवाय फारसं कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

लेखाचा पत्ता नशिबावर सोडणं

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. ब्लॉगरला देवनागरी शीर्षकातून लेखाचा वेबपत्ता, म्हणजे त्याची लिंक, बनवता येत नाही. मग तो नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' असं नाव देतो आणि पुढच्या लेखांना त्याच नावामागे आकडे जोडतो. शंभर लेख झाले की शंभर पत्ते एकसारखे, आणि कुठला कशाचा हे तुम्हालाही कळत नाही.

वर्डप्रेसमध्ये उलटी अडचण. तिथे देवनागरी पत्ता बनतो, पण साठवताना प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त यांना टक्क्याच्या चिन्हांसकट ९ जागा लागतात, आणि मर्यादा आहे २०० जागांची. म्हणजे २२ चिन्हांत खेळ संपला. 'हरिश्चंद्रगडाची अविस्मरणीय सफर' या शीर्षकाचा पत्ता 'हरिश्चंद्रगडाची-अविस्मर' इथेच तुटतो. शिवाय असा दुवा कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ उमटते. घरातल्या ज्येष्ठांना ती व्हायरसची लिंक वाटते आणि ते ती उघडत नाहीत. त्यांचं चुकतं असंही नाही.

उपाय दोन्हीकडे एकच: पत्ता स्वतः रोमन अक्षरांत लिहा, तीन ते पाच शब्दांचा, मध्ये आडव्या रेघा. ब्लॉगरमध्ये लेख लिहिताना उजवीकडच्या पट्टीत 'पर्मालिंक' उघडून 'कस्टम' निवडायचं. वर्डप्रेसमध्ये त्या जागेला 'स्लग' म्हणतात. याचा दुसरा फायदा असा की अनेक मराठी माणसं मराठी शब्द रोमन लिपीतच टाइप करून शोधतात, आणि निदान पत्त्यात तरी तो शब्द त्यांच्या अक्षरांत सापडतो. लेखातही एकदा, कंसात का होईना, गावाचं किंवा पदार्थाचं नाव रोमनमध्ये द्यायला हरकत नाही.

हे प्रसिद्ध करण्याआधी करायचं. नंतर पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून वाचकाला सहसा आपोआप नव्याकडे वळवतं. ब्लॉगर वळवत नाही. तिथे सेटिंग्जमध्ये 'कस्टम रीडायरेक्ट' उघडून जुना आणि नवा पत्ता हाताने भरावा लागतो. ते केलं नाही तर इतरांनी दिलेले सगळे दुवे मेले. त्यामुळे जुन्या शंभर लेखांचे पत्ते सुधारत बसू नका. आजपासूनचे नीट द्या.

आकडे चुकीचे वाचणं

'आज ३४० भेटी!' म्हणून आनंद आणि उद्या ६ म्हणून खिन्नता, दोन्ही बिनबुडाचे. ब्लॉगरच्या आकडेवारीत यंत्रांच्या, म्हणजे आपोआप पानं चाळणाऱ्या प्रोग्रामच्या, भेटीही मिसळतात आणि तुमच्या स्वतःच्याही. स्वतःच्या वगळण्याची सोय आकडेवारीच्या पानावर आहे, पण ती त्या ब्राउझरपुरतीच लागू होते. म्हणून मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवर लावा.

मग आलेखाचा आकार बघा. लेख टाकल्यावर उंच सुळका आणि तिसऱ्या दिवशी सपाटी म्हणजे ओळखीचे वाचक येऊन गेले. ज्या देशात तुमचं कुणी नाही तिथून एका रात्रीत दोनशे भेटी आल्या आणि प्रतिक्रिया शून्य, तर ती बहुधा यंत्रं. आठवड्याला दोन-तीन, पण महिनोन्‌महिने न चुकता, हा खरा तिसरा वाचक. ब्लॉग जगतो तो याच्यावर.

त्याला काय हवं होतं हे पाहायला गूगलचं 'सर्च कन्सोल' मोफत आहे. त्यात ब्लॉगचा पत्ता जोडा आणि 'साइटमॅप', म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, द्या. ब्लॉगर तो स्वतःच बनवतं, आणि वर्डप्रेसही २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून बनवतं. महिन्याभराने 'परफॉर्मन्स' पानावर लोकांनी कोणते शब्द टाइप केले, लेख किती वेळा दिसला आणि कितीदा उघडला हे कळतं. १६ महिन्यांपर्यंतची माहिती तिथे राहते. लेख पुष्कळदा दिसतो पण उघडला जात नाही, तर शीर्षक बदला. लेख दिसतच नाही, तर तो गूगलच्या यादीत आला आहे का ते 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये पत्ता टाकून तपासा. आलेला नसेल तर तुमच्याच दोन-तीन जुन्या लेखांतून त्याला दुवा द्या. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये 'शोध इंजिनांना दिसू द्या' हा पर्याय बंद राहिलेला नाही ना, हे मात्र सगळ्यात आधी बघा.

काल, यंदा, आणि आमचा बंड्या

'कालच्या सभेत', 'यंदा पाऊस लांबला', 'बंड्याने नेहमीप्रमाणे घोळ घातला'. चार वर्षांनी येणाऱ्याला काल म्हणजे कधी ते कळत नाही आणि बंड्या माणूस आहे की बोका तेही कळत नाही. 'यंदा'च्या जागी 'जून २०२४' लिहा. माणूस पहिल्यांदा आला की नात्याने ओळख करून द्या: 'धाकटा मामेभाऊ'. खर्च, एसटीच्या वेळा, औषधं, सरकारी कागदपत्रं यांच्या शेजारी महिना-वर्ष हवंच, कारण त्या गोष्टी बदलतात आणि कुणीतरी तुमच्या भरवशावर पहाटेच्या गाडीसाठी स्टँडवर उभा राहतो. काही थीममध्ये लेखाची तारीखच दिसत नाही. ती दिसेल असं करा. माहिती जुनी झाली तर लेख पुसू नका, वर एक ओळ तारखेसह जोडा.

अक्षरं वाचता न येणं

लेख अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसत असेल तर तो युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांपैकी कशात तरी टंकलेला आहे. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग ऱ्हस्व इकार, रफार आणि 'ष', 'क्ष' असलेली जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. गडबड तिथे होते.

वर्डमधून मजकूर चिकटवला की त्याच्यासोबत वर्डची सजावटही येते, आणि मग एक परिच्छेद मोठा, दुसरा बारीक दिसतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून नुसता मजकूर चिकटवा. अक्षर १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सेटिंग शून्यावर असू द्या. ती वाढली की शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही टाळा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्याने शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

दुसऱ्यांचं आयुष्य स्वतःच्या नावावर लिहिणं

ब्लॉग वैयक्तिक असला तरी त्यातली वहिनी, शेजारी, साहेब खरे असतात. आजार, घटस्फोट, पैशाचे वाद, मुलांच्या शाळेचं नाव यांतलं काही लिहायचं तर त्या माणसाला आधी वाचायला द्या. 'नंतर काढून टाकू' हा उपाय अपुरा आहे, कारण फीडमधून (नवे लेख वाचकांकडे आपोआप पोचवणारी सोय) आणि जुनी वेबपानं जपणाऱ्या वेबॅक मशीनसारख्या संग्रहात प्रत गेलेली असू शकते. फोटो चढवण्याआधी त्याच्या फाइलमध्ये दडलेली ठिकाणाची नोंद काढा. निव्वळ घरातल्यांसाठी लिहायचं असेल तर ब्लॉगरवर ब्लॉग खासगी करून १०० जणांपर्यंत निमंत्रण देता येतं.

उलट बाजूने तुमचा लेख नावाशिवाय फॉरवर्ड होत फिरणार हे धरून चाला. नाव आणि ब्लॉगचा पत्ता पानाच्या कोपऱ्यात नको, लेखाच्या शेवटच्या परिच्छेदातच घाला. कॉपी करणारे बहुतेक आळशी असतात आणि तो तसाच राहतो.

नियमित वाचकाची वाट बंद करणं

ब्लॉगरवरची जुनी 'ईमेलने फॉलो करा' ही चौकट फीडबर्नर या गूगलच्या सेवेवर चालायची, आणि फीडबर्नरने ईमेलची सोय २०२१ मध्ये बंद केली. चौकट अजून लटकत असेल तर काढा. सेटिंग्जमध्ये साइट फीड 'पूर्ण' ठेवा. फीडली, इनोरीडर अशी फीड वाचायची अ‍ॅप वापरणारे थोडे असतात, पण प्रत्येक लेख वाचणारे तेच. प्रतिक्रियांसाठी १४ दिवसांहून जुन्या लेखांवरच, प्रतिक्रिया दिसण्याआधी तपासणी लावली तरी बराचसा कचरा अडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी चूक दाखवली किंवा भर घातली, तर त्याला विचारून ती लेखाखाली उतरवा.

प्रत न ठेवणं

२०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा त्यावरून ब्लॉगरवर लिहिलेल्या प्रतिक्रिया दिसेनाशा झाल्या. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणून दर तीन महिन्यांनी ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून 'बॅक अप' घ्या. त्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया असतात, फोटो नसतात. मूळ फोटो वर्षवार फोल्डरमध्ये वेगळे ठेवा. वर्षातून एकदा एक खासगी रिकामा ब्लॉग उघडून त्यात ती फाइल भरून पाहा, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगसाठी वेगळं वेबनाव, घेतलं असेल तर नूतनीकरण आपोआप होईल असं लावा आणि जोडलेल्या कार्डाची मुदत तपासत राहा. घरातल्या एकाला 'अ‍ॅडमिन' करून ठेवा. गूगलच्या 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून १० जणांपर्यंत नावं देता येतात. मुदतीत खात्यात हालचाल झाली नाही तर त्यांना कळवलं जातं आणि तुम्ही निवडलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. त्या निवडीत ब्लॉगरवर खूण करायला विसरू नका.