सोसायटीच्या हिशेबावर उभी राहिलेली वेब-सेवा : नव्याने उतरणाऱ्यांसाठी काही अनुभव

2019 साली मी आणि माझा महाविद्यालयापासूनचा मित्र, अशा दोघांनी पुण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवणारी एक वेब-सेवा सुरू केली. या वाटेने येऊ पाहणारे तरुण अधूनमधून भेटतात आणि बहुतेकांचे प्रश्न भांडवल कसे उभारावे इथून सुरू होतात. आमच्या बाबतीत भांडवलापेक्षा महाग पडली ती एकच गोष्ट : ज्याचे काम हलके करायचे, तो ते काम प्रत्यक्षात कसे करतो हे आम्ही फार उशिरा पाहिले.

पहिले आठ महिने आम्ही एकाही संस्थेत न जाता संगणकासमोर बसून काढले. सूचनाफलक, सभागृहाचे आरक्षण, सभासदांचे मतदान, तक्रारवही असे बरेच काही बांधले. पहिली संस्था मिळाली ती कोथरूडमधली, 48 सदनिकांची. तिथले खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. महिनाभरात त्यांनी आमचा सूचनाफलक एकदाही उघडला नाही, म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन शेजारी बसलो. काकांनी बँकेचे खातेउतारे टेबलावर पसरले आणि एकेका नोंदीपुढे पेन्सिलीने सदनिकेचा क्रमांक लिहायला सुरुवात केली. धनादेशांचे काम पाच मिनिटांत उरकले. यूपीआयने आलेल्या रकमांपाशी मात्र ते अडले, कारण उताऱ्यात सभासदाचे नाव नव्हते. कुठे मुलाचे नाव होते, कुठे भाडेकरूचे, तर कुठे नुसता मोबाइल क्रमांक. अशा वेळी ते वहीचे शेवटचे पान उघडत. त्यावर त्यांनी कोणत्या नावाने आलेले पैसे कोणत्या सदनिकेचे, याची यादी दोन वर्षे जपली होती.

आमच्या सेवेचा गाभा त्या शेवटच्या पानावर होता. परत आल्यावर आम्ही मतदान आणि सभागृह बाजूला ठेवले आणि खातेउतारा चढवला की जुन्या नोंदींवरून सदनिका सुचवणारी सोय बांधली. पुढे बँकेच्या मदतीने प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र व्हर्च्युअल खाते क्रमांक (पैसे संस्थेच्याच खात्यात जमा होतात, पण कोणत्या सदनिकेचे ते क्रमांकावरून कळते) देता आला, तेव्हा पैसे कोणाचे हा प्रश्न बराचसा मिटला. काकांचे दोन संध्याकाळींचे काम अर्ध्या तासावर आले आणि त्यांनीच शेजारच्या दोन संस्थांच्या खजिनदारांना आमच्याकडे पाठवले.

पैसे आकारण्याबाबतही आम्ही सुरुवातीला चुकलो. पहिल्या सहा संस्थांना वर्षभर सेवा विनामूल्य दिली. कोणी तक्रार केली नाही, म्हणून सारे ठीक चालले आहे असे आम्ही समजत राहिलो. प्रत्यक्षात त्यांतल्या चार संस्था जुन्या एक्सेलवरच काम करत होत्या. दर सदनिकेमागे महिन्याला 10 रुपये आणि वर्षाचे पैसे आगाऊ, असे ठरवल्यावर दोनच संस्था उरल्या, पण त्या दोघींचे खजिनदार आठवड्यातून तीनदा फोन करू लागले. पावती मराठीत छापताना जोडाक्षरे तुटतात, पार्किंगचे शुल्क वेगळ्या रकान्यात हवे, अशा त्या तक्रारींनीच सेवा घडवली. ज्याने पैसे मोजले आहेत तो गप्प बसत नाही, आणि सुरुवातीच्या काळात त्याचे बोलणे हीच सर्वांत मोलाची मिळकत असते.

आमची सर्वांत गंभीर चूक व्याजाची होती आणि ती मी आजही विसरलेलो नाही. त्या वेळच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीनुसार, थकबाकीवर जास्तीत जास्त दरसाल 21 टक्के, तेही सरळ व्याज लावता येत होते. आमच्या प्रोग्रॅममध्ये मागील थकबाकी म्हणून मुद्दल आणि व्याज यांची बेरीज पुढच्या तिमाहीत जात असे आणि त्या बेरजेवर पुन्हा व्याज चढत असे. वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने स्वतःचे बिल हाताने मांडून दाखवले, आणि उत्तर देण्याची वेळ आली ती आमच्या भरवशावर बिले वाटणाऱ्या खजिनदारांवर. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या संस्थेची वर्षभराची सर्व बिले नव्याने काढली, फरकाची यादी सभासदनिहाय तयार केली आणि पुढच्या समितीसभेत स्वतः हजर राहून ती वाचून दाखवली. मुद्दल आणि व्याज यांची खाती तेव्हापासून वेगळी झाली. हिशेब, औषध, कायदा अशा क्षेत्रात वेब-सेवा काढणाऱ्याने त्या क्षेत्रातला जाणकार पहिल्या दिवसापासून जोडीला घ्यावा. आम्ही सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करणाऱ्या एका बाईंना या प्रसंगानंतर घेतले, ते आधी घ्यायला हवे होते.

वाढ कुठून आली, हेही सांगितले पाहिजे. इंटरनेटवरच्या जाहिरातींवर घातलेल्या पैशांतून जेमतेम तीन संस्था आल्या. समिती महिन्यातून एकदा भेटते, निर्णय दोन-तीन सभांनंतर होतो आणि हिशेबाची पद्धत बदलायची तर एप्रिलपासूनच, त्यामुळे जाहिरात पाहून लगेच खरेदी करणारा ग्राहक या व्यवसायात नाहीच. मात्र पंधरा-वीस संस्थांचे हिशेब लिहिणारे हिशेबनीस पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सर्व संस्था एकाच पडद्यावर दिसतील अशी सोय केली, आणि एक हिशेबनीस आला की त्याच्यामागून दहा संस्था येऊ लागल्या.

कंपनीच्या स्वरूपाबद्दल थोडक्यात. आम्ही घाईने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. उलाढाल शून्य असली तरी तिचे लेखापरीक्षण दरवर्षी सक्तीचे असते आणि वार्षिक विवरणपत्रे उशिरा भरल्यास प्रत्येकी रोज 100 रुपये जादा शुल्क पडते. लगेच गुंतवणूकदार आणायचा नसेल तर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा, विचार जरूर करावा. तिथे उलाढाल 40 लाख आणि भांडवल 25 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत लेखापरीक्षणाची सक्ती नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेवरचे अवलंबित्वही आधीच तपासावे. मार्च 2021 मध्ये व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवलेल्या नमुन्याशी जुळतो का, याची छाननी सुरू झाली, तेव्हा आमच्या मजकुरांची नोंदणी अर्धवट होती आणि बिलाचे संदेश ऐन वर्षअखेरीस अडकले. आम्ही दोघांनी चार दिवस बसून सभासदांना ईमेल पाठवले आणि ज्यांचे ईमेल नव्हते त्यांची बिले छापून संस्थांच्या कार्यालयांत पोहोचवली.

दर एप्रिलला मी नव्या संस्थांच्या आकड्याआधी नूतनीकरण न केलेल्या संस्थांची यादी काढतो आणि त्या प्रत्येक खजिनदाराला स्वतः फोन करतो. बहुतेक वेळा समिती बदललेली असते आणि जुन्या खजिनदाराने नव्याला पासवर्डच दिलेला नसतो. त्यासाठी आम्ही आता पदभार हस्तांतराचे एक पान सेवेतच ठेवले आहे. त्यावर मावळते आणि नवे असे दोघेही खजिनदार नोंद करतात, आणि त्या आठवड्यात आमचा माणूस नव्या खजिनदारांच्या घरी जाऊन पहिला खातेउतारा त्यांच्या शेजारी बसून चढवून देतो.