सेल्फ फिरतोय, पण एटीव्ही चालू होत नाही? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे बघा

पाऊस उघडला की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवर छोट्या एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या, हँडलच्या चारचाकी गाड्या, यायला लागतात. काही पन्हाळा-गगनबावड्याकडच्या रिसॉर्टवरच्या, काही उसाच्या रानात औषधाचे कॅन वाहणाऱ्या, काही निव्वळ पोरांच्या हौसेच्या. बहुतेक ११० नाहीतर १२५ सीसीच्या. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असतात. तक्रार ठरलेली: "मिस्त्री, सेल्फ झकास फिरतोय, पण गाडी घेत न्हाई." आणि निम्म्या लोकांनी येण्याआधीच घरी कार्बोरेटर खोलून बघितलेला असतो. माझं म्हणणं एवढंच, पान्हा कार्बोरेटरला लावायच्या आधी करंट बघा. त्याला पाच मिनिटं लागतात.

त्याच्याही आधी स्विच. हँडलवरचं लाल बटण बंदवर राहिलेलं असतं. पोरांच्या गाडीला मागं एक दोरी असते, ती ओढली की टोपी निघून इंजिन बंद पडतं. ती टोपी अर्धवट बसलेली असते. "पण सेल्फ फिरतोय की!" असं म्हणू नका. बऱ्याच गाड्यांत हे स्विच फक्त प्लगचा करंट तोडतात, सेल्फ आपला फिरत राहतो. आणि सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थोडा दम घेऊ द्या. नाहीतर बॅटरी बसते आणि मूळ बिघाड बाजूला राहून दुसराच उभा राहतो.

आता प्लग काढा. परत प्लगच्या वायरीच्या टोपीत घालून त्याची चुडी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथं ठिणगी नको. प्लग हातात धरू नका, इन्सुलेटेड पकडीनं धरा. सेल्फ मारल्यावर चट् चट् आवाज करत निळसर ठिणगी पडली पाहिजे. पिवळी, मरगळलेली पडत असेल तर गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, बघा. या इंजिनांना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागतो. जुना प्लग घासत बसण्यापेक्षा त्याच नंबरचा नवा लावून बघितलेला परवडतो.

ठिणगीच नाही? मग सीडीआयच्या डबीकडे जा, म्हणजे प्लगला ठिणगी पाठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे. तिथं बंद करण्याच्या स्विचची एक वायर येते, बहुतेक वेळा काळी-पांढरी. पण चायना वायरिंगमध्ये रंगावर भरवसा ठेवू नका, स्विचपासून वायर धरत या. प्लग बाहेर असतानाच ती वायर सोडवून सेल्फ मारा. ठिणगी आली तर डबी ठीक आहे, दोष स्विचमध्ये नाहीतर वायर घासून बॉडीला लागल्यात. तपासून झालं की वायर परत जोडा, नाहीतर इंजिन चालू झाल्यावर बटणानं बंद होणार नाही. वायर सोडवूनही ठिणगी आली नसेल तर पिकअप कॉईल, म्हणजे ठिणगी कधी टाकायची ते डबीला कळवणारी कॉईल, मल्टीमीटरवर घ्या. या गाड्यांत ती साधारण १०० ते २०० ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर तुटली. काही सीडीआय थेट बॅटरीवर चालतात. तिथं सेल्फ फिरत असतानाच डबीवरचा व्होल्टेज मोजा. बॅटरी कमजोर असली की सेल्फ रडत का होईना फिरतो, पण डबीला पुरेसा करंट पोचत नाही.

करंट चांगला आहे म्हणल्यावर पेट्रोल. काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही. चिंब ओला असेल तर जास्त झालंय. तेव्हा आधी शेवटी सांगितलंय तसं ऑईल तपासा, मग चोक बंद करा, थ्रॉटल पूर्ण दाबा आणि तसाच सेल्फ मारा, साचलेलं निघून जातं.

कोरडा असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि बाटली थोडा वेळ ठेवून द्या. काचेचीच घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्याच्यावर राग नाही, पण ते दमट हवेतलं पाणी ओढतं. चार महिने गगनबावड्याच्या पावसात टाकी अर्धी रिकामी राहिली की पाणी खाली बसतं. बाटलीच्या तळाला वेगळा थर दिसला तर टाकीसकट सगळं पेट्रोल काढून टाका, वरून ताजं ओतून भागत नाही. स्क्रू काढूनही थेंब येत नसेल तर कॉक, फिल्टर आणि टाकीच्या झाकणाची हवेची नळी बघा. ती नळी चिखलानं बुजली की टाकी आतून ओढून धरते, पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण जरा ढिलं केल्यावर गाडी चालू झाली तर दोष तिथंच.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर खोला. दोष बहुतेक वेळा पायलट जेटमध्ये असतो, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पितळी जेटमध्ये. भोक इतकं बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. क्लीनर मारा, आणि टोचायचंच असेल तर वायरीतली तांब्याची एकच तार घ्या. सुई किंवा पोलादी तार घातलीत की पितळ झिजून भोक मोठं होतं, मग गाडी कायमची पेट्रोल पिते. एअर फिल्टरची पेटीही उघडून बघा. शेडातल्या गाडीत उंदराचं घरटं सापडणं नवीन नाही.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी घेत नाही, तेव्हाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. थ्रॉटल पूर्ण उघडून गेजवर आकडा १०० पीएसआयच्या बराच खाली आला तर आधी टॅपेट तपासा. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची फट, या आडव्या ११० इंजिनांत थंड असताना ०.०५ मिलिमीटर लागतो. टॅपेट टाईट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. टॅपेट बरोबर असूनही आकडा येत नसेल, तर पिस्टन-रिंगचं बोलायला गॅरेजवर या.

आणि प्लग ओलाचिंब निघाला होता ना? मग गाडी चालू करायच्या आधी ऑईलची कांडी काढून वास घ्या. कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची पिन अडकली की पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑईलमध्ये उतरतं. कांडीला पेट्रोलचा वास आला किंवा ऑईल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल, तर आधी पिन दुरुस्त करा, मग ऑईल बदला, आणि त्यानंतरच सेल्फ मारा.