बक्षिसाचं जेवण आणि उपाशी राहिलेले : कंपनीत 'लंच' देताना या चुका टाळा

टार्गेट पूर्ण झालं, ऑडिट सुखरूप पार पडलं, वर्ष अपघाताविना सरलं, की व्यवस्थापनाला पहिलं सुचतं ते जेवण. सुचायलाच हवं. ट्रॉफी कपाटावर धूळ खात बसते. चांगलं जेवलेला माणूस घरी जाऊन चार जणांना सांगतो. तरीही चाकण-रांजणगाव-हिंजवडी पट्ट्यात अशा जेवणांनंतर कौतुकापेक्षा कुरकूरच जास्त कानावर येते. पनीर चिवट होतं किंवा गुलाबजाम गार होते, ही तक्रार लोक दोन दिवसांत विसरतात. 'आम्हाला मोजलंच नाही' ही मात्र वर्षभर टिकते. म्हणून इथे पाककृती फारशा नाहीत. गडबड होते ती तारीख, यादी आणि वाटप या तीन ठिकाणी.

तारीख साहेबांच्या डायरीतून काढणे

मार्चअखेर हा 'इयर एंड'च्या जेवणाचा ठरलेला मुहूर्त. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी मार्चचा शेवटचा आठवडा रमजानमध्ये आला होता. म्हणजे दुपारच्या बिर्याणीच्या रांगेत रोजा धरलेला माणूस एक तर नव्हता, किंवा दुसऱ्यांची ताटं बघत उभा होता. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे हा प्रश्न मार्चमधून सुटला तरी फेब्रुवारी-जानेवारीत पुन्हा समोर येणारच आहे.

आपल्याकडे वारांचं गणित वेगळंच. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखादा तरी वार घरोघरी पाळला जातो. मटण-मासळीचे हक्काचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवार सुट्टीचा. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, त्यामुळे एक वाजताचं जेवण ठेवलं तर काही जण नेमके त्याच वेळी मशिदीत असतात. उरला बुधवार, आणि माझं मत विचाराल तर जेवण बुधवारीच ठेवावं. तरीही कालनिर्णय उलटून बघायचंच : एकादशी महिन्यात दोनदा येते, संकष्टी चंद्रोदयाला सुटते, श्रावणात निम्मी कंपनी सामिष सोडते, पर्युषणात जैन मंडळींचे उपास असतात. नॉनव्हेजचा मोठा बेत असेल तर तो आषाढातच उरकावा, हे वेगळं सांगायला नको. गटारीची आठवण लोक स्वतःहून करून देतात.

तारीख बदलणं शक्यच नसेल, तर रोजा असलेल्यांना इफ्तारच्या वेळेला घरी नेता येईल असा ताजा, बंद डबा द्या, आणि तोही त्यांना आधी विचारून. 'उपासवाल्यांसाठी केळी ठेवली आहेत' हे उत्तर नव्हे. उपासाचं ताट करायचं तर भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, ताक असं नीट करा. बाकीच्यांना तीन भाज्या आणि उपासवाल्याला द्रोणभर साबुदाणा हा हिशेब लोकांच्या चटकन लक्षात येतो.

सकाळी अकराला जाहीर करणे

'आज सगळ्यांना कंपनीतर्फे जेवण!' असा मेसेज सकाळी अकराला येतो. साहेबांना वाटतं, काय सुंदर धक्का दिला. पण डबा पहाटे पाचला उठून केलेला असतो. मुंबईत तर तो तोवर डबेवाल्याच्या हातात लोकलमध्ये असतो. संध्याकाळी भरलेला डबा परत गेला की घरी बोलणी खावी लागतात, आणि मेच्या उन्हात तो आंबलेला असतो. मधुमेह असलेल्या किंवा पथ्यावर असलेल्या माणसाला तर अचानक जेवण हे संकटच.

निदान तीन दिवस आधी सांगा. धक्का द्यायची हौस फारच असेल तर ती मेनूपुरती ठेवा.

यादी 'ऑन रोल' म्हणून काढणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉम्प्युटरमधून हजेरीची यादी निघते आणि तीत फक्त कायम कर्मचारी असतात. ज्या लाइनने विक्रमी उत्पादन काढलं, तिच्यावरचे निम्मे हात कंत्राटी, ट्रेनी किंवा अप्रेंटिसचे. ते नेहमीच्या कॅन्टीनमध्ये नेहमीची आमटी जेवतात आणि पलीकडच्या हॉलमधून जिलेबीचा वास येत राहतो. गेटवरचे सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या ताई, कंपनीच्या बसचे चालक यांचं तर नाव कुठेच नसतं. त्यांना चार वाजता 'उरलंय, घेऊन जा' म्हटलं जातं. असं बोलावण्यापेक्षा न बोलावलेलं बरं.

कायदासुद्धा या बाबतीत पुढे गेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगार असतील तर कॅन्टीनची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत हा आकडा १०० वर आला आणि त्यात कंत्राटी कामगारही स्पष्टपणे धरले आहेत. रोजच्या कॅन्टीनसाठी जो माणूस मोजला जातो, तो बक्षिसाच्या दिवशी गळावा, याला काही कारण नाही. बजेट कमी पडत असेल तर ताटातला एक पदार्थ कमी करा. ताटं कमी करू नका. आणि कूपनांचे रंग वेगवेगळे छापू नका. निळं कूपन कायमचं, पिवळं कंत्राटीचं, हे रांगेत सगळ्यांना दिसतं.

शिफ्टचंही तेच. जेवण दुपारी असल्याने पहिली आणि जनरल शिफ्ट जेवते, दुसरीला गार झालेलं मिळतं आणि तिसरीच्या हाती फरसाणाचं पाकीट येतं. तिसऱ्या शिफ्टसाठी रात्री गरम पावभाजी किंवा मसालेभात-कढी ठेवून बघा. त्या शिफ्टला कुणी विचारत नाही, त्यामुळे तिथे थोडक्या खर्चात जेवढा आनंद मिळतो तेवढा इतर कुठे मिळत नाही.

'व्हेज ४०, नॉनव्हेज ६०' हा हिशेब

शंभर माणसांत चाळीस शाकाहारी, म्हणून चाळीस जणांपुरतं शाकाहारी सांगितलं. रांग सुरू झाली. चिकन घेणाऱ्या प्रत्येकाने 'थोडं पनीर पण टाक' म्हटलं, आणि पस्तिसाव्या मिनिटाला पनीरचं पातेलं खरवडायला लागलं. मागे उभे असलेले माळकरी काका, जैन सहकारी आणि बुधवारीही न खाणारे यांच्या ताटात वरण-भात आणि पापड. चूक स्वयंपाक्याची नाही, ऑर्डर देणाऱ्याची आहे. शाकाहारी पदार्थ शंभर जणांसाठी सांगायचे, सामिष साठांसाठी. शाकाहारी काउंटर दहा मिनिटं आधी उघडायचा, म्हणजे ज्यांना दुसरा पर्यायच नाही ते आधी जेवतील.

दुसरी गोष्ट झाऱ्याची. वाढणारा एकच असेल तर गर्दीत चिकनच्या रश्श्यातला डाव पनीरच्या पातेल्यात जातोच. दोन काउंटर, दोन वाढपी, वेगळे डाव, आणि मध्ये हात जाणार नाही एवढं अंतर. वारकरी संप्रदायातला माळ घातलेला माणूस, आणि खेड-मावळ-जुन्नर भागातल्या कामगारांत असे बरेच असतात, मुकाट्याने ताट बाजूला ठेवतो. तक्रार करत नाही. तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक झालं असं समजू नका.

पण काउंटर वेगळे ठेवायचे म्हणून टेबलं वेगळी करायची नाहीत. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली, त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला आणि प्रकरण देशभर गाजलं. भांडी वेगळी ठेवणं ही स्वयंपाकघराची शिस्त झाली. माणसं वेगळी बसवली की आपल्या समाजात त्याचा अर्थ लगेच दुसरा होतो, आणि तो का होतो हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

ताटात काय आहे ते न लिहिणे

मराठी जेवणातली लपलेली वस्तू म्हणजे दाण्याचं कूट. भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत, कधी पालेभाजीतही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला पाहून कळत नाही. गहू न चालणाऱ्याला आपण भाकरी देतो आणि निश्चिंत होतो; पण डबीतल्या हिंगपुडीत बहुधा गव्हाचं पीठ असतं, ते आमटीच्या फोडणीत जातं. जैन ताट म्हणजे नुसतं कांदा-लसूण वगळणं असाही समज आहे. बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओलं आलं हेही वगळावं लागतं. पावभाजी जैन करायची तर बटाट्याऐवजी कच्चं केळं वापरतात, कोणत्याही चांगल्या केटररला ते ठाऊक असतं. केक मागवाल तर अंडं आहे की नाही हे खोक्यावर असतं, टेबलावर नसतं.

प्रत्येक पातेल्यासमोर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत एक कागद पुरे : नाव, कांदा-लसूण आहे का, दाणे आहेत का, गहू आहे का, दूध आहे का. सामिष असेल तर मांस हलाल आहे की नाही हेही केटररला विचारून लिहावं.

माहिती गोळा करताना 'तुम्ही कोणत्या धर्माचे' किंवा 'का खात नाही' असं विचारू नका. चिठ्ठीवर दोनच प्रश्न ठेवा : काय चालत नाही, आणि कोणत्या दिवशी चालत नाही. चिठ्ठ्या बंद पेटीत. कुणाला मधुमेह आहे हे नोटीस बोर्डावरच्या यादीतून कळायला नको.

बक्षीस म्हणून शिक्षा

'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' निवडून त्याला एमडींसोबत जेवायला बसवतात. चांगल्या हेतूने. तो बिचारा काट्या-चमच्याने नान तोडायचा प्रयत्न करत तासभर 'हो सर' म्हणतो आणि घरी जाऊन पोटभर जेवतो. द्यायचंच असेल तर त्याला दोन पर्याय द्या : साहेबांसोबत जेवण, किंवा घरच्यांसाठी चार थाळ्यांचं पार्सल. किती जण पार्सल घेतात ते साहेबांनी एकदा मोजावं.

जेवताना प्रेझेंटेशन ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. १९४८ च्या कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती कारखान्यातल्या कामगाराच्या हक्काची केली. ती कापून दिलेलं जेवण त्याच्याच खिशातून दिल्यासारखं आहे. भाषणं असतील तर जेवणानंतर. इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसाला पाऊण तास दीपप्रज्वलन आणि मनोगतं ऐकवणं धोक्याचं असतं, त्याची साखर खाली जाऊ शकते.

'घरून एकेक पदार्थ आणा' ही अंगतपंगत एरवी गोड. पण बक्षीस म्हणून ती ठेवली की पुरुष वेफर्सची पाकिटं आणतात आणि बायका पहाटे उठून पन्नास पुरणपोळ्या लाटतात. आणि संध्याकाळी ढाब्यावरची 'टीम पार्टी' : उशीर, दारू आणि परतीच्या प्रवासाची चिंता यामुळे अनेक जणी येत नाहीत, सूर्यास्तानंतर न जेवणारे जैनही येत नाहीत. दुपार बहुतेकांना सोयीची.

कूपन वाटून मोकळं होणे

दोनशे रुपयांचं डिलिव्हरी ॲपचं कूपन. त्यात पॅकिंग, डिलिव्हरी आणि जीएसटी वजा जाता हाती एक सँडविच. लहान गावातून घरून काम करणाऱ्याकडे ते ॲप बहुधा पोहोचतच नाही. त्याला सरळ पैसे पाठवा आणि 'आज बाहेर जेवा' म्हणा. कूपनावर करही लागू शकतो, तेव्हा वाटण्याआधी हिशेबनीसाला विचारा. बक्षिसाची वजावट पगारपत्रकात दिसली की सगळंच मुसळ केरात.

मग वेगळं काय करता येतं?

महिन्याला एका भागाचं ताट हा प्रयोग बहुतेक ठिकाणी जमतो. जळगाव-धुळ्याकडच्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, विदर्भाची पाटवडी, सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कोकणचं काळ्या वाटाण्याचं सांबार. बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशाहून आलेले कामगार असतील तर लिट्टी-चोखा आणि डालमाही त्याच चक्रात हवेत, 'पाहुण्यांचा दिवस' म्हणून नव्हे. चव कशी हवी हे त्या भागातल्या माणसाला विचारा. राबायला मात्र त्याला लावू नका. जवळच्या महिला बचत गटाला काम दिलं तर भाकऱ्या खऱ्या मिळतात. फक्त त्यांच्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आहे ना, तो चौदा आकडी क्रमांक बघून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजून हातावर चोळलेली, सोबत गूळ, दही आणि चटण्या वेगळ्या वाट्यांत. त्यात मांस नाही, अंडं नाही, गहू नाही. ज्याला दाणे चालत नाहीत तो ती चटणी घेत नाही. शेतावर नेणार असाल तर कामाच्या दिवशी न्या, सुट्टी खर्ची घालू नका. तिथे स्वच्छतागृह आहे का, कुबडी घेऊन चालणाऱ्याला बांधावरून जाता येईल का, हे आधी कुणीतरी जाऊन बघून यावं. हॉलमधल्या बुफेलाही हाच नियम : गरोदर बाई, पाय दुखणारा, व्हीलचेअरवरचा सहकारी यांना टेबलावर वाढा.

आणि कॅन्टीनची माणसं. त्या दिवशी बाहेरचा केटरर बोलावून त्यांना पंगतीत बसवा.

ऐनवेळी बिघडलं तर

शाकाहारी संपत आलं : काउंटर दोन मिनिटं थांबवा, उरलेलं शाकाहारींसाठी बाजूला काढा आणि तसं मोठ्याने, हसत सांगा. लोक समजून घेतात. डावांची अदलाबदल झाली : ते पातेलं सामिष समजून दुसरीकडे हलवा, लपवू नका. केटरर तासभर उशिरा येतोय : ताक, केळी, चणे-गूळ लगेच फिरवा, आणि औषध घेणाऱ्यांना आधी द्या. दुसऱ्या शिफ्टसाठी दुपारचा भात झाकून ठेवायचा मोह टाळा. शिजवलेला भात उकाड्यात तासन् तास राहिला की पोटं बिघडतात. केटररशी ठरवतानाच दोन खेपा लिहून घ्या, दुसरी संध्याकाळी सातला, गरम, आणि तिचे पैसे ती पोहोचल्यावरच.