पॉवर विंडोची काच खाली गेली आणि वर येईना: दोष कुठे आहे ते आधी ओळखा

पार्किंगची पावती घ्यायला काच खाली केली आणि आता बटण कितीही ओढलं तरी ती वर येत नाही. अशा वेळी 'मोटर गेली' हे निदान सगळ्यांत आधी होतं आणि पुष्कळदा तेच चुकतं. काच खाली नेणारी आणि वर आणणारी मोटर एकच असते. साध्या गाडीत तिला दोनच वायर असतात. बटण ओढलं की करंट एका दिशेने जातो, दाबलं की उलट दिशेने, आणि मोटर उलटी फिरते. थोड्या वेळापूर्वी काच सुरळीत खाली उतरली असेल, तर मोटर जळालेली असण्याची शक्यता कमीच. स्विचमधला 'वर'चा काँटॅक्ट, दाराच्या बिजागरीजवळची वायर, काच उचलणारी मशीन किंवा कोरडं पडलेलं रबर, यांच्यापैकी कुणाचा तरी हा प्रताप असतो. वर येताना मोटरला काचेचं वजनही ओढावं लागतं, म्हणून दुबळेपणा आधी वर येतानाच दिसतो.

आधी कान द्या

इंजिन बंद, इग्निशन ऑन, एसीचा ब्लोअर आणि गाणी बंद. दाराला कान लावून बटण ओढा.

काहीच आवाज नाही, तर मोटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा मोटरच्या आत कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कोळशाचे तुकडे) अडकले आहेत. 'टक्' असा एकच आवाज आला आणि आतला दिवा किंचित मंदावला, तर वीज पोचते आहे, पण मोटर किंवा काच जाम आहे. मोटर घुरघुरत फिरते आणि काच जागची हलत नाही, किंवा 'कट्-कट्' असा दात सुटल्यासारखा आवाज येतो, तर दोष मशीनमध्ये आहे. फ्यूज आणि स्विच तपासत बसू नका.

यानंतर हाताने बघा. काचेची वरची कड पकडता येत असेल, तर आतून आणि बाहेरून तळवे टेकवून काच वर ढकला. मोटरच्या गिअरबॉक्समधला वर्म गिअर उलटा फिरत नाही, त्यामुळे धडधाकट मशीनवरची काच हाताने हलत नाही. ती सहज वर आली आणि सोडल्यावर सरकन खाली गेली, तर मशीनमधली काच ओढणारी केबल तुटली आहे किंवा काच धरणारी क्लिप सुटली आहे. काच एका बाजूला कलली, तर दोनपैकी एकच क्लिप सुटली असं समजा.

रस्त्यात अडकला असाल तर

पहिलं काम, इंजिन चालू करा. बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर १४ च्या आसपास देतो, आणि तेवढ्यानेही कुरकुरणारी काच वर येते. बटण सारखं दाबत राहू नका. मोटर तापली की तिच्यातला सुरक्षा कटआउट ती बंद करतो, आणि मग खरंच मेल्यासारखी वाटते. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघा.

मग एकाने बटण ओढून धरायचं, दुसऱ्याने दोन्ही तळव्यांनी काच वर ढकलायची. आवाजच येत नसेल तर बटण ओढून धरूनच दार थोडं जोरात लावा. धक्क्याने अडकलेले ब्रश सुटतात. मात्र काच कललेली किंवा खुळखुळत असेल तर दार आपटू नका. टफन्ड काच एका फटक्यात चुरा होते.

काच वर आली की तिला पुन्हा खाली जाऊ देऊ नका. ती सैल असेल तर रुंद मास्किंग टेप बाहेरच्या काचेवरून, दाराच्या चौकटीवरून आतल्या काचेपर्यंत दोन-तीन ठिकाणी ताणून लावा. खाकी पॅकिंग टेप उन्हात रंगावर डिंक सोडते, ती टाळा.

वीज कुठपर्यंत पोचते

मागच्या काचा चालत नसतील तर ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघा. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण लहान मुलं बसलेल्या गाडीत ते हमखास दाबलेलं राहतं.

चारही काचा बंद असतील तर फ्यूज किंवा रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच). फ्यूज बॉक्स बहुधा स्टीअरिंगच्या खाली असतो, दुसरा बोनेटमध्ये. झाकणाच्या आतल्या नकाशावर पॉवर विंडोचा फ्यूज शोधा. तो सहसा २० ते ३० अँपिअरचा असतो. उडाला असेल तर त्याच अँपिअरचा टाका. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घातली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, तीही डॅशबोर्डच्या आत. नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून शॉर्ट झाली आहे.

एकच काच बंद असेल आणि ती ड्रायव्हरची नसेल, तर त्या दाराच्या बटणावरून आणि ड्रायव्हरच्या मास्टर स्विचवरून, दोन्हीकडून चालवून बघा. एकीकडून चालली तर दुसरा स्विच खराब. दोन्हीकडून नाही चालली तरी मास्टर स्विच निर्दोष ठरत नाही, कारण बहुतेक गाड्यांत बाकीच्या दारांचा करंट मास्टर स्विचमधूनच फिरून जातो. पावसात काच उघडी राहून मास्टर स्विचवर पाणी पडलेलं असेल, तर संशय तिथूनच सुरू करा. स्विच काढून, खालच्या लॉकपट्ट्या प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचलून उघडा. काँटॅक्टवर काळा थर दिसेल. काँटॅक्ट क्लीनर मारा, पेन्सिलच्या खोडरबराने घासा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने जोरात घासलंत तर वरचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत तीच तक्रार पुन्हा येते.

आता बिजागरीजवळचं रबरी कव्हर. बॉडीतून दारात जाणाऱ्या सगळ्या वायर त्यातून जातात आणि दार उघडताना दर वेळी वाकतात. ड्रायव्हरचं दार सर्वांत जास्त उघडलं जातं, म्हणून वायर तुटण्याचे प्रकार तिथेच जास्त. बटण ओढून धरा आणि दार सावकाश उघडा, लावा. एखाद्या कोनात काच हलली तर वायर तिथेच तुटली आहे. त्याच दाराचं सेंट्रल लॉक, स्पीकर किंवा आरसाही बंद असेल तर जवळजवळ खात्रीच. जोडताना मूळ वायरइतक्याच जाडीची, बहुतारी वायर घ्या. तुटल्या जागीच सांधा मारू नका, वाकणाऱ्या भागात तो टिकत नाही. लांब तुकडा घालून दोन्ही सांधे रबरी कव्हरच्या बाहेर, एक दारात आणि एक बॉडीत येतील असं बघा. सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

दाराचं पॅड (आतलं आवरण) काढताना

स्क्रू तीन ठिकाणी लपलेले असतात: आतल्या हँडलच्या मागे, दार ओढायच्या खाचेत छोट्या झाकणाखाली, आणि आरशाजवळच्या तिकोनी कव्हरमागे. काही गाड्यांत खालच्या कडेलाही असतात. ते काढल्यावर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकचा ट्रिम टूल घालून क्लिपा एकेक करून सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की क्लिपाही तुटतात आणि पॅडवर खुणाही पडतात. दोन-चार क्लिपा तरीही तुटतील, त्या आधीच आणून ठेवा. शेवटी पॅड सरळ वर उचला, कारण ते काचेच्या पट्टीवर अडकवलेलं असतं. स्विचचे कपलर (वायर जोडणारे प्लास्टिकचे प्लग) आणि हँडलची केबल काढल्याशिवाय ते ओढू नका.

दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असेल तर पॅडला हात लावण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. पत्र्याच्या आतल्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड हातमोजे घाला.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला असतो. तो फाडू नका. ब्युटाइल ब्लेडने कापत कापत कागद सोलून वर टेपने अडकवा. ब्युटाइलला धूळ लागली नाही तर तेच परत चिकटतं.

मोटर खरंच मेली आहे का

स्विचचा कपलर तात्पुरता परत जोडा, बॅटरी काढली असेल तर तीही जोडा. मोटरचा कपलर काढून त्याच्या दोन टोकांत २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा आणि बटण ओढा, मग दाबा. मल्टिमीटरपेक्षा बल्ब बरा. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या काँटॅक्टमधूनही तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि वीज खरी येते की नाही ते लगेच दिसतं.

दोन्ही वेळा बल्ब लख्ख पेटला तर स्विच आणि वायरिंग ठीक, दोष मोटर किंवा मशीनमध्ये. फक्त दाबताना पेटला आणि ओढताना नाही, तर 'वर'चा काँटॅक्ट गेला. मिणमिणला तर कुठेतरी अर्धवट तुटलेली वायर किंवा खराब अर्थिंग (बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी) आहे.

दोन वायरींची मोटर असेल तर २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून बॅटरीपासून थेट दोन वायर द्या. फिरली नाही तर मोटर गेली. उलटी फिरली तर वायर अदलाबदल करा. याच युक्तीने काच वर आणून गाडी घरी नेता येते. मात्र एका स्पर्शात पूर्ण वर जाणाऱ्या काचांच्या मोटरला अनेकदा पाच-सहा वायर असतात आणि आत सर्किट असतं. तिथे थेट करंट देऊ नका.

मशीन बदलताना

केबलच्या मशीनमध्ये दोन गोष्टी जातात: बारीक तारांची केबल एकेक तार तुटत उसवते, किंवा काच धरणारा प्लास्टिकचा स्लायडर चिरतो. उसवलेली केबल जोडायचा प्रयत्न करू नका, आठवड्यात पुन्हा अडकते. पूर्ण मशीन घ्या. डावी-उजवी आणि पुढची-मागची वेगवेगळी असते, म्हणून जुनी सोबत नेऊनच दुकानात मागा. नवी महाग पडत असेल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे गाड्यांचे सुटे भाग मिळतात. जुना माल घेताना स्लायडरचं प्लास्टिक आणि केबलच्या टोकांजवळच्या तारा बारकाईने बघा. तुमची मोटर चांगली असेल तर बिनमोटरची मशीन पुरते.

मशीन काढण्याआधी काच तिच्यापासून सोडवून हाताने वर न्या आणि चौकटीवर टेप मारा. काच धरणारे दोन बोल्ट पत्र्यातल्या भोकांसमोर आले की सोडवता येतात, बहुधा १० नंबरच्या गोटीने (सॉकेट पान्याने). मशीन रिव्हेटने बसवलेली असेल तर ड्रिलने रिव्हेटचं डोकं उडवा आणि परत बसवताना लॉक वॉशरसह नट-बोल्ट वापरा.

कात्रीच्या आकाराची जुनी मशीन असेल तर एक गोष्ट अजिबात विसरू नका: तिच्यात ताणलेली स्प्रिंग असते. दातेरी पट्टी बोल्ट किंवा क्लॅम्पने बॉडीला जखडल्याशिवाय मोटर सोडवलीत, तर पट्टी झटक्यात फिरते आणि बोटं जातात.

नवी मशीन बसवताना बोल्ट आधी सैलच ठेवा. काच हळूहळू पूर्ण वर नेऊन चौकटीत बसू द्या, मगच घट्ट करा. काचेचे बोल्ट हाताने घट्ट करून पाव फेरा एवढंच, जास्त ताणलं की काच तडकते. स्लायडर सरकतो त्या रेलवर पांढरं लिथियम ग्रीस लावा, पण काचेच्या रबरी खाचेत नाही. तिथे धूळ-ग्रीसचा चिखल होतो.

रबरी खाच

काच अर्ध्यावर थांबते किंवा वर जाऊन आपोआप खाली येते, तेव्हा दोष बरेचदा इथेच असतो. बोट अडकल्यावर काच मागे फिरवणारी सुरक्षा यंत्रणा असेल, तर कोरड्या रबराचं घर्षणही तिला अडथळा वाटतं. ओल्या फडक्याने खाच आतपर्यंत पुसा, वाळू द्या, सिलिकॉन स्प्रे लांब नळीने मारा आणि काच चार-पाच वेळा वर-खाली करा. गंज सोडवणारे तेलकट स्प्रे रबराला धरून धूळ ओढतात. रबर दुमडलं किंवा फाटलं असेल तर बदलाच, नाहीतर नवीन मशीनही लवकर झिजेल.

पॅड लावण्याआधी

प्लास्टिकचा कागद सगळीकडून दाबून चिकटवा, त्याची खालची कड दाराच्या आतच राहू द्या. काचेवरून दारात पाणी उतरणारच, कागद ते केबिनमध्ये येऊ देत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात निष्काळजीपणे लावलेला कागद महिन्याभरात कार्पेट कुजवतो. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. चिखलाने बुजली तर पाणी आत साचतं आणि मोटर गंजते. बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओता: ते खालच्या भोकांतून ठिबकलं पाहिजे, कागदाच्या केबिनकडच्या बाजूला थेंबही दिसता कामा नये.

बॅटरी काढली होती तर एका स्पर्शात काच पूर्ण वर नेण्याची सोय गाडी अनेकदा विसरते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन, बटण ओढून पूर्ण वर आणायची आणि वर पोचल्यावरही बटण काही सेकंद धरून ठेवायचं. नेमकी पद्धत तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. हे पॅडचे स्क्रू आवळण्याआधीच करा, म्हणजे काही अडलं तर पुन्हा सगळं उघडावं लागणार नाही.