नागपूरच्या हवेत बॉल पायथनचे पिलू सांभाळताना

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील माळरानांवर व विरळ जंगलांत राहणारा आखूड, जाडसर अजगर आहे. तेथे तो दिवसाचा बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा ओस पडलेल्या वारुळांत काढतो आणि रात्री बाहेर पडतो. म्हणजे प्रदेश कडक उन्हाचा असला, तरी हा प्राणी उन्हापासून लपून जगणारा आहे. नागपूरच्या पाळणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, कारण या अजगराच्या संगोपनावर जे लिखाण सहज हाती लागते ते बहुतांशी थंड देशांतील लोकांचे असते आणि त्यात सगळा भर पेटी गरम कशी राखावी यावर असतो. आपल्याकडे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत प्रश्न नेमका उलटा असतो. या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश सेल्सिअस आणि 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंश तापमान अनुभवले आहे. पिलाला मात्र वर्षभर 25 ते 33 अंशांच्या पट्ट्यातच राहायचे असते.

पिलू आणण्यापूर्वी कायद्याची बाजू पक्की करावी. विदर्भाच्या रानांत आणि शेतशिवारांत आढळणारा भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचे पिलू पावसाळ्यात बांधावर सापडले, तरी ते घरी ठेवणे हा तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद असलेला गुन्हा आहे. अशा वेळी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. बॉल पायथन ही विदेशी जात असून ती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव अधिनियमाच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. 2024 च्या नियमांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि पुढे हस्तांतर, प्रजनन किंवा मृत्यूही कळवावा लागतो. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समधील वनभवनातच आहे, त्यामुळे शंका विचारायला नागपूरकराला दूर जावे लागत नाही. विक्रेता स्वतःची नोंदणी दाखवत नसेल किंवा कागद नंतर देतो म्हणत असेल, तर पिलू कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

पहिली पेटी लहान असावी. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिलू 50 ते 70 ग्रॅमचे असते आणि मोकळ्या, उघड्या जागेत ते घाबरून खाणे सोडते. घट्ट बसणाऱ्या व कुलूपबंद होणाऱ्या झाकणाचा, सुमारे दीड फूट लांबीचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्याच्या बाजूंना हवेसाठी बारीक छिद्रे पाडावीत. वर जाळी असलेली काचेची पेटी दिसायला सुंदर असली, तरी आपल्या उन्हाळ्यात तिच्यातील ओलावा जाळीतून उडून जातो. आत दोन लपण्याच्या जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि त्या इतक्या तंग असाव्यात की वेटोळे घातलेल्या पिलाच्या अंगाला भिंती टेकतील. उबदार जागा आणि सुरक्षित जागा यांत त्याला निवड करावी लागली, तर ते लपूनच राहते आणि खाल्लेले त्याला पचत नाही. तळाशी पहिले दोन महिने साधा कागद घालावा, म्हणजे विष्ठा आणि गोचिडीसारखे बारीक किडे लगेच दिसतात. पुढे नारळाचा भुसा चालतो. देवदार किंवा पाइनच्या लाकडाचा भुसा मात्र कधीही वापरू नये.

उबदार टोकाला 31 ते 33 आणि थंड टोकाला 25 ते 27 अंश असावेत. त्यासाठी तापणारी चटई डब्याच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावून ती थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेले तापमान गाठताच वीज तोडणाऱ्या उपकरणावर, चालवावी. थर्मोस्टॅटविना लावलेली चटई पिलाचे पोट भाजते. पण थर्मोस्टॅट फक्त उष्णता बंद करू शकतो, थंडावा देऊ शकत नाही, आणि येथेच मी पहिल्या वर्षी चुकलो. माझा डबा वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत होता. मे महिन्यातील एका दुपारी तीन वाजता पाहिले, तेव्हा थर्मोस्टॅटने चटई रीतसर बंद केलेली होती, थंड टोकाचा तापमापक 36 अंश दाखवत होता आणि पिलू पाण्याच्या भांड्यात अंग बुडवून पडले होते. थंड टोकच तापले, की या प्राण्याला पळायला जागा उरत नाही.

म्हणून उन्हाळ्यात डबा तळमजल्यावरील, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत, थेट फरशीवर ठेवावा. कूलर चालवावा, पण त्याचा झोत डब्यावर येऊ देऊ नये आणि खोलीची समोरची खिडकी फटीएवढी उघडी ठेवावी, नाहीतर हवा कोंदट होते. चटई दिवसा बंद राहिली तरी चालते, मात्र तिचा प्लग काढून ठेवू नये, कारण वळवाच्या पावसानंतर रात्री पारा झटकन उतरतो. वीज गेल्यास पाणी गोठवलेली बाटली जाड फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेर, थंड टोकाला टेकवून ठेवावी. बर्फ आत घालू नये. नवतपा सुरू होण्याआधीच अशा दोन-तीन बाटल्या फ्रीजरमध्ये तयार असाव्यात.

आर्द्रता 55 ते 65 टक्क्यांदरम्यान राखावी. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे कूलर नसलेल्या खोलीत पाण्याचे भांडे मोठे ठेवून भुसा किंचित ओला करावा लागतो. जुलै ते सप्टेंबर याच्या उलट वागावे: पाणी शिंपडू नये, छिद्रे वाढवावीत, ओला झालेला कागद त्याच दिवशी बदलावा, कारण सतत ओल्या तळावर राहिल्यास पोटाचे खवले सडू लागतात. थंडीत डबा फरशीवरून उचलून लाकडी टेबलावर घ्यावा आणि तीन बाजूंनी घोंगडीने झाकावा, छिद्रे मोकळी ठेवून. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चटई तळ तापवते, पण हवा थंडच राहते. रात्रीचे तापमान 24 अंशांखाली जाऊ लागले तर जाळीच्या संरक्षणात सिरॅमिकचा तापक लावावा.

घरी आणल्यावर पाच ते सात दिवस पिलाला हात लावू नये आणि त्यानंतरच पहिले खाणे द्यावे. पिलाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के वजनाचा एक उंदीर दर पाच ते सात दिवसांनी पुरतो, आणि तो पिलाच्या शरीराच्या सर्वांत रुंद भागापेक्षा जाड नसावा. गोठवलेले उंदीर कोठून मिळणार हे पिलू घेण्याआधीच ठरवावे. घरातला किंवा गोदामातला उंदीर पकडून देण्याचा मोह टाळावा, कारण त्याने विष खाल्लेले असू शकते. जिवंत उंदीर देणे मला मान्य नाही. ते उंदरासाठी क्रूर आहे आणि दबा धरून न बसलेल्या अजगराला उंदीर कडकडून चावतो. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सैल होऊ द्यावा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवावा आणि देण्यापूर्वी त्याचे डोके हाताला ऊबदार लागते का ते पाहावे. या अजगराच्या ओठांवरील खाचा उष्णता ओळखतात; थंड उंदीर त्याला खाद्य वाटतच नाही. संध्याकाळी, मंद उजेडात, लांब चिमट्याने द्यावा. नाकारला तर अर्ध्या तासाने काढून टाकावा, पुन्हा गोठवू नये, आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. खाल्ल्यावर 48 तास उचलू नये, नाहीतर ते गिळलेले बाहेर टाकते.

पिलू साधारण चार ते सहा आठवड्यांनी कात टाकते. डोळे निळसर धुरकट झाले आणि अंगाची नक्षी फिकी पडली, की आर्द्रता 70 टक्क्यांपर्यंत वाढवावी आणि खाण्याचा आग्रह धरू नये. कात अखंड निघाली, तर आर्द्रता बरोबर होती असे समजावे. तुकडे राहिल्यास कोमट, ओल्या फडक्यातून पिलाला हळूच सरपटू द्यावे; डोळ्यावर राहिलेली खपली कधीही नखाने ओढू नये, तिच्यासोबत डोळाही जाऊ शकतो.

हाताळणी आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटांपुरती पुरे. डोक्यावरून हात नेण्याऐवजी बाजूने, शरीराच्या मध्यापाशी आधार देऊन उचलावे. भीतीने ते गोळा होऊन डोके आत लपवते, बॉल हे नाव त्यावरूनच आले. अशा वेळी परत डब्यात ठेवावे. आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे.

स्वयंपाकघरातील वजनकाट्यासारखा, पण पिलासाठी वेगळा राखलेला काटा घेऊन दर आठवड्याला वजन वहीत लिहावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी बुडबुडे, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके (म्हणजे अंगावरून पडलेले किडे), किंवा वजनात दहा टक्क्यांची घट यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा अन्य पशुवैद्यांकडे सापांवर उपचार होतात का, याची चौकशी पिलू निरोगी असतानाच करून ठेवावी. नेताना पिलाला सुती अभ्र्यात घालून अभ्रा बांधावा, तो छिद्रांच्या डब्यात ठेवावा आणि उन्हाळा असेल तर सकाळी आठच्या आत निघावे. बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही एकटे सोडू नये.